शीडनौकेचे डिझेल इंजिन स्वतः बदलताना

शीडनौकेतील जुने डिझेल इंजिन काढून नवे बसवणे हे बहुतेकांना ताकदीचे काम वाटते. खरे तर ते मोजमापाचे काम आहे. इंजिन चेन पुलीने उचलून बाहेर काढणे एका दिवसात होऊ शकते. परंतु इंजिनाचा आणि शाफ्टचा (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याचा) अक्ष एका रेषेत आणणे, एक्झॉस्टची उंची जलरेषेशी (नौकेवर पाणी जिथवर येते त्या रेषेशी) जुळवणे आणि प्रोपेलरचे गणित बसवणे यांपैकी कशातही चूक राहिली, तर पुढे नौका चालवताना ती सतत त्रास देत राहते. म्हणून सर्व मापे कागदावर उतरल्याशिवाय इंजिनाची मागणी नोंदवू नये.

पहिला प्रश्न शक्तीचा. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या नौकेचा नॉटमधील (ताशी सागरी मैलांमधील) कमाल वेग हा जलरेषेच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ गुणिले २.४३ इतका असतो, असा ढोबळ हिशेब आहे. जलरेषा ९ मीटर असेल तर तो सुमारे ७.३ नॉट येतो आणि त्यापुढे कितीही अश्वशक्ती ओतली तरी वेगात फारशी भर पडत नाही. नौकेच्या वजनाच्या दर टनामागे साधारण ४ अश्वशक्ती हा रूढ अंदाज पुरेसा आहे. त्याहून बरेच मोठे इंजिन घेऊ नये असे मला वाटते, कारण कमी भारावर दीर्घकाळ चालणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साचते आणि सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन ते तेल खाऊ लागते.

आता प्रोपेलर. जुने संथ इंजिन २५०० फेऱ्यांना पूर्ण शक्ती देत असेल आणि गिअरबॉक्सचे प्रमाण २ असेल, तर शाफ्ट मिनिटाला १२५० फेरे घेत होता. नवे इंजिन ३६०० फेऱ्यांचे आणि प्रमाण २.६ असेल, तर हाच आकडा सुमारे १३८५ होतो. त्यात शक्तीही बदललेली असल्याने जुना प्रोपेलर तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्याचा व्यास किंवा पिच (एका फेऱ्यात तो तत्त्वतः जितका पुढे जाईल ते अंतर) बदलावा लागण्याची शक्यता मोठी आहे. शाफ्टच्या फिरण्याची दिशाही तपासावी. नव्या गिअरबॉक्समुळे ती उलट होत असेल, तर प्रोपेलरही उलट हाताचा लागतो आणि मागे घेताना नौकेचा मागचा भाग आजवर ज्या बाजूला ओढला जात होता, त्याच्या विरुद्ध बाजूला ओढला जातो.

इंजिन निवडताना मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) कोणाचा आहे हेही पाहावे. बीटा मरीन आणि नानी या नौकांची इंजिने बनवणाऱ्या कंपन्यांची बरीच इंजिने कुबोटाच्या ब्लॉकवर तयार होतात, तर यानमार आपले ब्लॉक स्वतः बनवते. जे ब्लॉक शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांतही वापरले जातात, त्यांचे अनेक सुटे भाग किनाऱ्यापासून दूरही मिळतात.

जागेचे माप घेण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे प्लायवूडचा साचा. शाफ्ट बाहेर काढून त्याच्या नळीच्या बरोबर मध्यातून एक बारीक तार ओढून इंजिनाच्या खोलीच्या पुढच्या भिंतीपर्यंत ताणावी. हीच शाफ्टची रेषा. उत्पादकाच्या आराखड्यावरून आउटपुट फ्लँजचा (शाफ्टला जोडायच्या चकतीचा) मध्य, चारही माउंटच्या (इंजिनाच्या रबरी पायांच्या) जागा, ऑइल संपचा (इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राचा) तळ आणि इंजिनाची सर्वांत रुंद व सर्वांत उंच ठिकाणे दाखवणारा साचा तयार करून तो या तारेवर बसवावा. माउंटखालच्या बैठका किती उंच किंवा खाली हव्यात, संप हलला (नौकेच्या कवचाला) टेकतो का, ऑइल फिल्टर आणि इम्पेलरच्या (पाण्याच्या पंपातील चाकाच्या) झाकणापर्यंत हात पोहोचतो का, हे सर्व साच्यावरून लगेच दिसते. वाटेतील दरवाजातून साचा नेऊन पाहायला विसरू नये.

जुने इंजिन काढण्यापूर्वी प्रत्येक वायर आणि नळीला खुणेची चिठ्ठी लावून छायाचित्रे घ्यावीत. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी, इंधनाचा कॉक आणि समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (हलमधून पाणी आत घेणारी झडप) बंद करावेत, ऑइल व कूलंट काढून घ्यावे. नौका पाण्यात असेल तर एक धोका ध्यानात ठेवलाच पाहिजे: कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट यांचा जोड) सुटल्यावर शाफ्ट मागे सरकून बाहेर गेला, तर त्या छिद्रातून पाणी थेट आत येते. म्हणून कपलिंगला हात लावण्यापूर्वी शाफ्टवर आतल्या बाजूने मजबूत क्लॅम्प आवळावा. मी तर हे काम नौका जमिनीवर असतानाच करावे असे सांगेन, कारण त्याच वेळी शाफ्टचे रबरी बेअरिंग आणि सीलही बदलून होतात.

अल्टरनेटर, स्टार्टर आणि हीट एक्स्चेंजर आधीच उतरवले तर वजन बरेच कमी होते. २० ते ३० अश्वशक्तीचे आधुनिक इंजिन गिअरबॉक्ससह साधारण १२० ते १५० किलोचे असते. जुनी ओतीव लोखंडाची इंजिने २०० किलोच्याही पुढे जातात. दाराच्या चौकटीवर आडवी टाकलेली जाड तुळई आणि तिला टांगलेली चेन पुली ही आतली उचल करण्यासाठी उत्तम सोय आहे. बूम (शिडाखालची आडवी काठी) वापरायची असेल तर तिच्या टोकाला केवळ नेहमीच्या दोरावर सोडू नये. ज्या ठिकाणी भार लटकणार आहे, त्याच ठिकाणी मुख्य हॅलियार्डने (शीड वर चढवण्याच्या दोराने) तिला वरून आधार द्यावा आणि दोन्ही बाजूंनी ताणून धरावे. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय किंवा माणूस क्षणभरही नसावा.

रिकामी झालेली खोली ही मोठी संधी आहे. बिल्जमधील (नौकेच्या तळाच्या खोलगट भागातील) तेलकट चिखल, भिजलेली इन्सुलेशन, जीर्ण नळ्या आणि डिझेलच्या टाकीच्या तळाशी साचलेला गाळ व पाणी यांपर्यंत इतक्या सहज पुन्हा पोहोचता येणार नाही. बैठका फायबरग्लासने मढवलेल्या लाकडाच्या असतील, तर जुन्या बोल्टच्या छिद्रांतून आतले लाकूड तेलाने भिजले किंवा कुजले आहे का हे खरवडून तपासावे. तेलकट पृष्ठभागावर इपॉक्सी धरत नाही. तो आधी पूर्ण स्वच्छ आणि खरबरीत करावा लागतो.

एक्झॉस्टच्या बाबतीत मी सर्वांत जास्त आग्रही आहे, कारण इथल्या चुकीमुळे नवे इंजिन बंद अवस्थेतच पाण्याने भरू शकते. थंड करणारे पाणी एक्झॉस्टमध्ये ज्या ठिकाणी सोडले जाते, ते ठिकाण जलरेषेखाली असेल किंवा जलरेषेच्या वर १५० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल, तर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाणी आपोआप आत ओढले जाणे रोखणारी झडप) असलेला नळीचा उंच वळसा अनिवार्य समजावा. नौका कलंडलेली असतानाही तो वळसा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. वॉटरलॉक (एक्झॉस्टमधील पाणी साठवणारा डबा) इंजिनापेक्षा खाली असावा आणि इंजिन थांबल्यावर नळीतून परत येणारे सारे पाणी त्यात मावावे. इंजिन चालू होत नसताना वारंवार स्टार्टर फिरवला, तर पंप वॉटरलॉक भरत राहतो पण ते पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा सीकॉक बंद ठेवावा आणि इंजिन सुरू होताच उघडावा.

संरेखन, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे, दोनदा करायचे असते. जमिनीवर केलेले पहिले संरेखन केवळ अंदाजाचे, कारण पाण्यात उतरल्यावर हलचा आकार थोडा बदलतो. नौका पाण्यात एक-दोन दिवस स्थिरावली, डोलकाठीचे ताण नेहमीसारखे बसले आणि टाक्या भरल्या की खरे काम सुरू होते. कपलिंगची दोन्ही तोंडे जवळ आणून वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजवर समोरासमोरच्या फटींतील फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असावा. मग इंजिन तसेच ठेवून शाफ्ट पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. फरक शाफ्टबरोबर फिरत असेल, तर दोष संरेखनात नसून फ्लँज किंवा शाफ्ट वाकडा आहे.

फट खाली जास्त असेल तर इंजिनाचे पुढचे टोक उंच आहे. वर जास्त असेल तर ते खाली बसले आहे. किती हलवायचे हेही मोजता येते. १०० मिलिमीटरच्या फ्लँजवर फरक ०.३ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या माउंटमधील अंतर ५०० मिलिमीटर असेल, तर पुढचे माउंट १.५ मिलिमीटर हलवावे लागतील. २ मिलिमीटर पिचच्या (इथे आट्यांमधील अंतराच्या) एम १६ नटाचा तो पाऊण फेरा होतो. डाव्या आणि उजव्या नटाला सारखाच फेरा द्यावा, नाहीतर सारे वजन एका माउंटवर येते. लांब शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो हे लक्षात घेऊन त्याला योग्य उंचीवर आधार द्यावा. लवचीक कपलिंग बसवल्याने ढिलाई चालेल असा समज आहे, पण ते कंप शोषते, चुकीचे संरेखन दुरुस्त करत नाही.

नवे इंजिन बहुधा ऑइलविना येते, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींत ऑइल व प्रणालीत कूलंट भरावे, इंधनातील हवा काढावी आणि मगच किल्ली फिरवावी. सुरू होताच एक्झॉस्टमधून पाणी येते का हे प्रथम पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यास अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, म्हणून त्या स्विचजवळ तशी सूचना लिहून ठेवावी. पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपल्या ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर प्रोपेलरचा पिच जास्त आहे. सहज पोहोचून पुढे जाऊ पाहत असेल, तर तो कमी आहे.

पहिले काही तास इंजिन बदलत्या भारावर चालवावे, नुसते संथ चालवत ठेवू नये. पहिल्या ५० तासांच्या आसपास ऑइल आणि फिल्टर बदलावेत, माउंटचे नट व कपलिंगचे बोल्ट तपासावेत आणि कपलिंग सोडून फीलर गेजने पुन्हा मोजावे, कारण नव्या माउंटचे रबर तोवर इंजिनाच्या वजनाने थोडे दबलेले असते.