दंडावरचा शुगर सेन्सर अन् हातातलं घड्याळ : या चुका टाळा

आमच्या आप्पांच्या दंडाला शुगरचा सेन्सर लावला तेव्हा दुकानातल्या पोरानंच ॲप घालून दिलं, आप्पांना ईमेल नाही म्हणून त्यानं स्वतःचाच टाकला, आणि पुढं दोन आठवडे आप्पांची शुगर रात्री अकराला कशी उडी मारते, म्हणजे फ्रीजमधला कुंदा कोण संपवतंय, हे आम्हाला कळायच्या आधी त्या पोराच्या मोबाईलवर दिसत होतं. पोरगं चांगलं आहे हो, पण अकाउंट त्याचं आणि शुगर आमची, हे काय बरोबर नाही.

तुमच्याकडं असं झालं असेल तर घाईनं सेन्सर तोडू नका. काही कंपन्यांचा चालू सेन्सर दुसऱ्या फोनला पुन्हा जोडलाच जात नाही, पैसे पाण्यात. त्याची दहा-पंधरा दिवसांची मुदत संपू द्या, नवा लावताना घरच्या ईमेलनं अकाउंट उघडा, जुनं अकाउंट त्या पोराला समोर बसवून डिलीट करायला लावा, आणि शेअरिंगच्या यादीत कोण कोण आहे तेही बघून घ्या.

लोकांना भीती असते ती हवेतनं कुणी ब्लूटूथ चोरेल याची. तेही अगदी खोटं नाही. साध्या बँडला आकडा दाखवायला स्क्रीन नसली की फोन काही न विचारता जोडला जातो, याला जस्ट वर्क्स म्हणतात, मध्ये कुणी तिसरा बसलाय का हे त्यात तपासलं जात नाही. २०१४ च्या ब्लूटूथ ४.२ मध्ये चावी, म्हणजे दोन डिव्हायसेसमधलं बोलणं कुलूपबंद करणारा गुप्त आकडा, ठरवायची जास्त पक्की पद्धत आली, पण जुन्या पद्धतीत जोडणीच्या त्या काही सेकंदांत कुणी ऐकत असला तर चावी त्याला मिळू शकते. म्हणून पेअरिंग दुकानात किंवा बसस्टँडवर नको, घरी करा.

आता परमिशन. फोन कन्नडमध्ये असला की आमची आई 'अनुमतिसि' दिसलं की दाबतेच, म्हणजे अलाऊ. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायलाही लोकेशन द्यावं लागायचं, १२ पासून 'जवळची डिव्हायसेस' अशी वेगळी परमिशन आहे, तेव्हा नव्या फोनवर नुसत्या जोडणीसाठी लोकेशन मागितलं तर आधी नाही म्हणा, चालतंय का बघा. चालायचा रस्ता नोंदवायचा असेल तर द्यावंच लागतं, पण तो रस्ता पब्लिक ठेवू नका. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांमुळं लष्करी तळांचे आकार उमटलेले लोकांनी शोधून काढले होते, आणि आपल्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच आहे, सकाळी कॅम्पात फिरायला जाणारे किती!

ॲप काढून टाकलं की डेटा गेला असं समजू नका, तो सर्व्हरवर राहतो, सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटच डिलीट करावं लागतं. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात डेटा पुसून मागायचा हक्क लिहिलाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, लागू मात्र टप्प्याटप्प्यानं होताहेत.

शेवटी जुनं घड्याळ. माझं भाच्याला दिलं, तो निपाणीला घेऊन गेला आणि रात्री फोन, मामा जोडतच नाही की. जोडणार कसं, ते अजून माझ्याच अकाउंटला बांधलेलं होतं. मी इथनं ॲपमधनं ते काढून टाकलं, त्यानं तिकडं फॅक्टरी रिसेट मारला, मग जोडलं.