सरकतं काचेचं दार जड झालंय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

नवं असताना सरकतं काचेचं दार एका बोटाने सरकतं. काही वर्षांनी त्याला पूर्ण हात लागतो, मग खांदा, आणि एक दिवस घरातलं कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येतं. आमच्या घरी ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. शिलाई मशीनचं तेल ट्रॅकमध्ये सढळ हाताने सोडलं. दोन दिवस दार अगदी अलगद सरकलं आणि मी घरभर मिरवून घेतलं. पंधरा दिवसांत त्या तेलात धूळ, केस आणि पायपुसण्याचे धागे बसून असा काळा चिकटा तयार झाला, की तो काढण्यात रविवारची अख्खी सकाळ गेली.

दार जड होण्यामागे बहुतेक वेळा कचरा असतो, त्यानंतर चाकं, आणि वंगणाची कमतरता सगळ्यात शेवटी. दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी.

आधी दार ऐका

पल्ला सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा आणि कान द्या. सगळीकडे करकर येत असेल तर ट्रॅकमध्ये वाळू किंवा माती आहे. ठरावीक अंतरावर 'टक... टक...' असा ठेका येत असेल तर एखादं चाक एका बाजूने झिजून चपटं झालंय. ते प्रत्येक फेऱ्याला एकदा आपटतं. आणि दार नेहमी एकाच जागी अडखळत असेल तर चाकाला दोष देऊ नका. त्या जागी ट्रॅकला पोचा आला असेल किंवा खडा रुतला असेल.

मग दार जवळजवळ बंद करून पल्ल्याची उभी कड आणि चौकट यांच्यामधली फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. कमी-जास्त दिसली तर लक्षात ठेवा, चाकांकडे वळल्यावर ती उपयोगी पडेल.

ट्रॅकची सफाई

इथे पाणी सगळ्यात शेवटी येतं. कोरड्या मातीवर आधीच ओला फडका फिरवला की तिचा चिखल होतो आणि तो कोपऱ्यांत, चाकांखाली जाऊन बसतो. म्हणून आधी जुन्या टूथब्रशने किंवा कडक केसांच्या छोट्या रंगाच्या ब्रशने सगळं मोकळं करा. व्हॅक्यूम क्लीनरची चपटी नळी असेल तर लगेच ओढून घ्या. कोपऱ्यातला घट्ट मळ लाकडी काडीने किंवा आइस्क्रीमच्या चमच्याने खरवडा. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात, आणि त्यांतच पुढची माती अडकते.

दार दोन्ही बाजूंना सरकवून दोन्ही अर्धे ट्रॅक साफ करा. पल्ल्याखाली लपलेला भागच बहुतेक जण विसरतात, आणि बहुतेक मळ तिथेच असतो.

आता कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून कापड भिजवा, घट्ट पिळा आणि पुसा. माझ्यासारखं तेल कुणी आधी ओतलं असेल तर हे तीन-चार वेळा करावं लागेल. ब्लीच, आम्ल असलेली फरशी-क्लीनर किंवा तारेची घासणी या ट्रॅकला लावू नका. ॲल्युमिनियमचा वरचा थर त्यांनी खराब होतो. शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. समुद्राजवळ राहत असाल तर चौकटही अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा. मिठामुळे धातूवर पांढरट डाग पडतात आणि पुढे ते गंजात उतरतात.

ती छोटी छिद्रं बुजवू नका

खालच्या चौकटीला बाहेरच्या बाजूने लांबट, बारीक छिद्रं असतात. ट्रॅकमध्ये आलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. काही घरांत 'इथून पाणी आत येतंय' असं समजून त्यांत सिलिकॉन भरलेलं पाहिलंय. त्यानंतर ट्रॅक पाण्याने भरतो, आणि ते खरोखरच घरात येतं.

तपासायला कपभर पाणी ट्रॅकमध्ये हळूहळू ओता. ते बाहेर यायला हवं. तुंबलं तर बारीक तार किंवा दात कोरायची काडी छिद्रात फिरवा, पण हळू, नाहीतर मळ आणखी आत ढकलला जातो. पावसाळ्याआधी हे एकदा करून टाकलं की पुरतं.

चाकं: उंची नीट करणं

ट्रॅक चकचकीत झाला तरी दार जडच असेल तर आता पल्ल्याच्या खालच्या टोकांकडे बघा. उभ्या कडेला किंवा तोंडावर, तळाशी, प्रत्येक टोकाला एक छिद्र असतं; काही वेळा त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं. आतला स्क्रू फिरवला की त्या बाजूचं चाक खाली-वर होतं, म्हणजे पल्ल्याचा तेवढा कोपरा वर उचलला जातो किंवा खाली बसतो. कुठे साधा स्क्रू ड्रायव्हर चालतो, कुठे ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) लागते.

आता मघाची फट आठवा. दार बंद होताना पल्ला चौकटीला वर टेकत असेल आणि खाली फट राहत असेल, तर चौकटीकडचा कोपरा खाली बसलाय. त्या बाजूचं चाक खाली करून तो कोपरा उचला. खाली टेकून वर फट राहत असेल तर उलट, लांबचा कोपरा उचलायचा. एका वेळी अर्धा फेरा, मग दार सरकवून बघा. स्क्रू फिरवताना दुसऱ्या कुणीतरी पल्ला किंचित वर उचलून धरला तर काम सोपं होतं. सगळं वजन चाकावर असताना जोर लावला तर स्क्रूची खाच झिजते, आणि मग तो ना इकडे ना तिकडे.

चाक तुटलं असेल किंवा चपटं झालं असेल तर ते बदलावंच लागतं, आणि त्यासाठी पल्ला काढायला हवा. हे काम एकट्याने करू नका. हिशोब साधा आहे: काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे 2.5 किलो असतं. म्हणजे 1 मीटर रुंद, 2.1 मीटर उंच आणि 5 मिलिमीटर जाड अशी नुसती काच 26 किलोंची. चौकट वेगळी. दुहेरी काच असेल तर वजन जवळपास दुप्पट.

वरच्या खाचेत पल्ला उचलला जाऊ नये म्हणून छोटे ठोकळे बसवलेले असतील तर ते आधी काढा. दोन्ही चाकांचे स्क्रू फिरवून चाकं पल्ल्याच्या आत घ्या. मग दोघांनी मिळून पल्ला वरच्या खाचेत उचलायचा, तळ आपल्याकडे ओढायचा आणि हळूच खाली आणायचा. जाड चादर आधीच अंथरून ठेवा. जुनं चाक बरोबर नेऊनच नवं घ्या, कारण आकार आणि बैठक दारागणिक वेगळी असते. एक चाक गेलं असेल तरी दोन्ही बदला. ठोकळे परत बसवायला मात्र विसरू नका. ते नसतील तर दार बाहेरून उचलून काढता येतं.

आता कुठे वंगण. तेल नको, ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे. तो वाळून कोरडा राहतो, त्यामुळे धूळ कमी धरतो. तोही कापडावर मारून ट्रॅकवर पुसा. थेट फवारला तर फरशीवर उडतो आणि तिथे पाय घसरतो.

लॉक, रबर, ब्रशपट्टी

लॉक लागत नसेल तर लगेच नवं लॉक आणू नका. पल्ला खाली बसल्यामुळे कडी खाचेसमोर येत नसते. उंची नीट केली की ते बहुधा आपोआप लागतं.

कडांचं रबर आणि ब्रशची पट्टी साबणाच्या पाण्याने पुसा. हवा आत येतेय असं वाटलं तर कागदाची पट्टी मध्ये धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर किंवा ब्रश थकलाय. नवं रबर बसवताना ताणू नका. ते पुढे आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते.

काच

ऊन थेट पडत असताना काच पुसू नका, पाणी लगेच सुकतं आणि ओघळ राहतात. आतून आडवं पुसा, बाहेरून उभं; रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची आहे ते लगेच कळतं. क्षाराच्या पांढऱ्या डागांवर समान पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं. मात्र खाली संगमरवर असेल तर तिथे टॉवेल घाला, व्हिनेगर संगमरवराला खातं. नंतर काच आणि चौकट साध्या पाण्याने पुसा.

बऱ्याच दारांना टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच असते. कोपऱ्यात तिचा बारीक शिक्का दिसतो. मधोमध ती चांगलाच मार सोसते, पण तिचा कमकुवतपणा कडेला असतो. कडेला टवका उडालेली काच नंतर अचानक, कुणी हात न लावताही फुटू शकते. ही काच कापता येत नाही, तिची कड घासून दुरुस्त होत नाही. असा टवका दिसला तर दार सरकवणं थांबवा, लहान मुलांना दूर ठेवा आणि काच बदलायला कारागीर बोलवा.