स्क्रीनवरचं चित्र गोठलं तर

रडार बंद पडलं की स्क्रीन काळी होते, असं हवाई वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत नव्यानं बसणाऱ्यांना वाटतं. काळी झाली तर लगेच कळतं तरी. मला धास्ती असते ती गोठलेल्या चित्राची. कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), लेव्हल (उंची), वेग सगळं नीट वाचता येतं आणि विमानं मात्र केव्हाच पुढे गेलेली असतात.

माझ्या सेक्टरमध्ये, म्हणजे माझ्या ताब्यातल्या आकाशाच्या तुकड्यात, एका रात्री हेच झालं. मागचं विमान जास्त वेगात होतं, पुढच्याशी अंतर कमी व्हायला हवं होतं, ते होईना. वैमानिकाला पोझिशन, म्हणजे तो नेमका कुठे आहे ते, विचारली. तो स्क्रीनवरच्या ठिपक्याच्या १४ मैल पुढे होता. ४८० नॉट्सनं विमान मिनिटाला ८ सागरी मैल कापतं; म्हणजे पावणेदोन मिनिटं मी जुनंच चित्र बघत होते. म्हणून सांगते, ठिपका सरकण्याची लय डोळ्यांत मुरू द्या. मार्गावरच्या रडारचा अँटेना साधारण १० ते १२ सेकंदांत फेरी पूर्ण करतो, विमानतळाजवळचा ४ ते ५ सेकंदांत. लय चुकली की विचारा. वैमानिकाला पोझिशन विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

एकाच विमानाचं लेबल गेलं, तर बहुधा त्याचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र, बिघडलेला असतो. स्क्वॉक रिसायकल करायला, म्हणजे त्याचा चार अंकी कोड पुन्हा टाकायला सांगा. सगळ्यांची लेबलं गेली आणि नुसते प्रायमरीचे, म्हणजे विमानावर आपटून परतलेल्या लहरींचे ठिपके उरले, तर सेकंडरी रडार गेलं. ते १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं आणि विमान १०९० वर उत्तर देतं, तो संवादच तुटलेला असतो. याहून खोलात शिरू नका, ते काम इंजिनिअरांचं.

सगळंच गेलं, तर पहिला हात स्ट्रिपवर, म्हणजे प्रत्येक विमानाची नोंद असलेल्या पट्टीवर. प्रत्येक विमान शेवटचं कुठे दिसलं ते वेळेसकट लिहून टाका. आठवण मिनिटभरात पुसट होते. शेजारच्या सेक्टरला सांगा, नवं विमान पाठवू नका. मग समोरासमोर येणारी जोडी आधी हातात घ्या, कारण त्यांच्यातलं अंतर मिनिटाला १६ मैलांनी घटतं. दोन विमानांत रडारवर चालणारं ५ मैलांचं अंतर आता चालत नाही. १००० फुटांचं उभं अंतर सगळ्यांत लवकर मिळतं, तेच द्या. तेवढाही वेळ नसेल, तर तात्पुरतं निम्म्या उभ्या अंतरावर भागवण्याची मुभा आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) डॉक ४४४४ या नियमपुस्तकात आहे. टीकॅस, म्हणजे टक्कर टाळण्याचा इशारा देणारी विमानातली यंत्रणा, जमिनीवरच्या रडारवर अवलंबून नसते, ती चालू राहते. पण आपलं नियोजन तिच्या भरवशावर करायचं नाही.

नवशिक्यांकडून हमखास राहतं ते एक: तुम्ही हेडिंग (ठरावीक दिशा) दिलेली विमानं. ती तुमच्या शब्दावर भलत्याच दिशेला निघालेली असतात. त्यांना 'आयडेंटिफिकेशन लॉस्ट' (रडारवर आता तुमची ओळख नाही) कळवा, पोझिशन सांगा आणि 'रिझ्यूम ओन नॅव्हिगेशन' (आता तुमचा मार्ग तुम्हीच धरा) म्हणून मार्गावर परत पाठवा. आवाज नेहमीचाच ठेवा. तुमची घाई कॉकपिटमध्ये ऐकू जाते.

चित्र परत आलं की सुटल्यासारखं वाटतं आणि हात लगेच जुन्या अंतरांकडे जातो. जाऊ देऊ नका. एकेकाला 'स्क्वॉक आयडेंट' म्हणा, म्हणजे तो बटण दाबेल आणि त्याचा ठिपका स्क्रीनवर उठून दिसेल; ठिपका स्ट्रिपवरच्या पोझिशनशी ताडून बघा, वैमानिकाला 'आयडेंटिफाइड' सांगा. दोन्ही विमानं अशी ओळखली गेल्यावरच त्यांच्यातलं अंतर कमी करा.