मेडिकलच्या मुलाखतीत अभ्यासाबाहेरच्या गोष्टींबद्दल कसं बोलावं?

महाराष्ट्रातल्या कॉलेजात एमबीबीएसला जायचं तर मुलाखत नसते. नीटचे गुण, राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या आणि कागदपत्रं, इतकंच. म्हणून आपल्या सोलापुरात अकरावीला पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी, घेतलं की घरातून पहिला हुकूम सुटतो: लेझीम बंद, नाटक बंद, मैदान बंद. पण दोन वाटा अशा आहेत जिथं मुलाखत द्यावीच लागते.

एक पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे एएफएमसीची. नीटच्या गुणांवर निवडक मुलांना तिथं बोलावतात आणि मग इंग्रजी आकलन व तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. दुसरी वाट परदेशाची. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, ही पद्धत आहे: ओळीनं छोटी टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक, काही मिनिटांत एक विषय, वेळ संपली की पुढचं टेबल. ही पद्धत निघाली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात. (परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची असली तरी नीट पात्र व्हावंच लागतं, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.)

अभ्यासाशिवाय काय करता, हा प्रश्न दोन्हीकडे येतो. आणि आपली मुलं तिथंच गप्प होतात. पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं आपल्याकडे सांगण्याजोगं काही नाही, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. सोलापूरच्या मुलाकडे भरपूर असतं, फक्त त्याला ते मोजायची सवय नसते.

आधी सगळं कागदावर उतरवा

प्रमाणपत्रांची फाईल बाजूला ठेवा आणि आठवेल ते लिहा. गड्ड्याच्या यात्रेत पाणी वाटलं, लिहा. आषाढीला पंढरपुरात प्रथमोपचाराच्या तंबूत मदतीला होतात, लिहा. सुट्टीत घरच्या मागासाठी कांड्या भरल्या, लिहा. आई विड्या वळत असताना धाकट्या भावाचा अभ्यास तुम्ही घेत होतात, तेही लिहा. यांतल्या बऱ्याच गोष्टींचा कागद मिळत नाही, म्हणून मुलं त्या धरतच नाहीत. समोर बसलेल्यांना मात्र हेच हवं असतं: एखादी जबाबदारी तुम्ही किती काळ निभावली आणि माणसांशी कसं वागलात.

मग त्यातल्या तीन निवडा. एक आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांशी संबंध आलेली, एक चार जणांबरोबर केलेली आणि एक निव्वळ आवडीची. बारा गोष्टींची यादी घडाघडा म्हणणाऱ्याची एकही लक्षात राहत नाही.

प्रत्येक गोष्टीतला एक दिवस आठवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. समजा, पूर्व भागातली एक मुलगी कागदावर लिहिते, ‘आजीला सिव्हिलला नेते.’ घरात तेलुगू. ओपीडीत डॉक्टर मराठीत विचारतात, आजी तेलुगूत सांगते, मधे नात. मुलाखतीत एवढंच सांगितलं तर विषय अर्ध्या मिनिटात संपेल. तिला म्हणा, त्यातला एक दिवस सांग.

मग ती सांगते. डॉक्टरांनी विचारलं, ‘बीपीची गोळी रोज घेता ना?’ आजी म्हणाली, घेते. नातीला ठाऊक होतं की आजी चक्कर येईल त्याच दिवशी गोळी घेते, एरवी पाकीट देवघराच्या फळीवर पडून असतं. आता आजीचं उत्तर जसंच्या तसं डॉक्टरांना सांगायचं, की आपल्याला माहीत आहे ते सांगायचं? तिनं आधी आजीलाच विचारलं, ‘मी सांगू का त्यांना?’ आजी जरा रागावली, मग म्हणाली, सांग. तेव्हा खरं कारण कळलं. गोळ्या संपल्या की पुन्हा सकाळपासून रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून ती त्या पुरवून पुरवून खात होती.

आता परीक्षकाला विचारण्यासारखं काही मिळालं. आजी नको म्हणाली असती तर काय केलं असतंस? तू बरोबर नसतीस तर डॉक्टरांना हे कसं कळलं असतं? रुग्णाची संमती, त्याची खासगी गोष्ट, डॉक्टरवरचा विश्वास, हे सगळं त्या एका गोळीच्या पाकिटात आहे. या प्रश्नांना पाठ उत्तर नको. ‘तेव्हा मला सुचलं नसतं, पण आज वाटतं की आजीला आधी समजावलं असतं’ असं थांबत, विचार करत बोललं तरी चालतं. तुम्ही विचार कसा करता, हेच त्यांना बघायचं असतं.

निवडलेल्या तिन्ही गोष्टींना हे चार प्रश्न विचारा. मी स्वतः नेमकं काय केलं? कुठं अडलं? तेव्हा काय ठरवलं आणि का? त्यानंतर माझ्या वागण्यात काय बदललं? चौथा सगळ्यात अवघड. ‘टीमवर्क शिकलो’ हे त्याचं उत्तर नव्हे. गणपतीच्या लेझीम पथकातला मुलगा असं सांगू शकतो: ‘हलगीची लय वाढली की मागच्या रांगेतल्या नव्या पोरांचे पाय चुकायचे. मी त्यांना लेझीम खाली ठेवायला लावून आधी नुसते पाय बसवून घेतले. आता वर्गातही कोण मागं पडतंय, याकडे माझं लक्ष जातं.’ यात टीमवर्क हा शब्दच नाही आणि गरजही नाही.

काय सांगू नये

न केलेलं. दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. तंबूत पट्टी कापून दिली असेल तर तेवढंच सांगा. शिक्षण नसताना इंजेक्शन दिल्याची बढाई मारली, तर समोरचे डॉक्टर धास्तावतील. रुग्णाचं नाव किंवा गावही सांगू नका.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, म्हणून प्रेरणा म्हणून त्यांचं नाव बरेच जण घेतात. जरूर घ्या, पण माहिती पक्की हवी. जन्म 1910 साली सोलापुरात. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि 1942 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, तिथंच वारले. मग पुढचं वाक्य स्वतःबद्दलचं असू द्या: त्यांच्याबद्दल वाचून तुम्ही काय केलंत? काही केलं नसेल तर नाव न घेतलेलं बरं.

आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत

गोष्ट दीड मिनिटात बसवा. पहिल्यांदा ती घरातल्या अशा माणसाला सांगा ज्याला मेडिकल प्रवेशाची काही माहिती नाही, काका किंवा आत्या चालतील. त्यांनी फक्त दोनच शब्द म्हणायचे: ‘मग?’ आणि ‘का?’ त्यांना ऐकताना कुठं कंटाळा येतो ते चेहऱ्यावर दिसतं, तेवढं कापा. मराठीत जमली की छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. वाक्यं पाठ करू नका, घटनांचा क्रम लक्षात ठेवा. एमएमआयमध्ये आधीच्या टेबलावर काय बोललात हे पुढच्या परीक्षकाला माहीत नसतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायची तयारी हवी.

अर्जातला मजकूर मुलाखतीच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा. ब्रिटनमधल्या विद्यापीठांसाठी यूकॅस या संस्थेकडे जो अर्ज करतात, त्यात स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनाचे 2026च्या प्रवेशापासून तीन प्रश्न झाले आहेत आणि तिसरा थेट शिक्षणाबाहेरच्या तयारीबद्दल आहे. तिथं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. बारावीला क्रिकेट सोडलं असेल तर का सोडलं, हेही विचारतील. ‘क्लासची वेळ जुळेना, म्हणून सोडलं’ हे सरळ उत्तर पुरेसं आहे.

छंदांबद्दल थेट प्रश्न आलाच नाही, तरी तयारी वाया जात नाही. ताण आला की काय करता, कुणाशी मतभेद झाला तेव्हा कसं वागलात, एखादी वाईट बातमी कशी सांगाल, अशा प्रश्नांत तुमच्या त्याच तीन गोष्टी वापरता येतात. कुठल्या प्रश्नाला कोणती लागू पडेल, हे त्याच कागदावर बाजूला लिहून ठेवा.