वाहतुकीचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची, प्लॅनिंगची नवी पोरं क्लिपबोर्ड घेऊन नाशिकच्या चौकांत उभी राहतात आणि दरवर्षी त्याच चुका करतात. त्यातल्या दोन तर मला आता झोपेतही दिसतात.

पहिली, मोजणीची वेळ. पीक अवर म्हणजे नऊ ते अकरा, हे कुणी यांच्या डोक्यात भरवलंय देव जाणे. काही वर्षांपूर्वी त्र्यंबक रोडला आयटीआय सिग्नलवर एका गटाकडून मोजणी करून घेतली होती. मंडळी नऊला हजर, अकराला मिसळ खायला पसार. अहवालात एक ओळ: 'सायकली नगण्य, ट्रॅकची गरज नाही.' खरं सांगतो, मी सहीही केली असती. वाचवलं कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं. "साहेब, सायकली बघायच्यात तर पहिल्या पाळीला या. नऊला कुठला कामगार रस्त्यावर असतो?"

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला जाऊन उभा राहिलो. सातपूरच्या कारखान्यांच्या दिशेनं सायकलीमागून सायकल. हँडलला डबा, कॅरिअरला सुतळीनं आवळलेली रेनकोटची घडी. एकाच्या मडगार्डवर रिफ्लेक्टर म्हणून चॉकलेटची चांदी चिकटवलेली. फुटपाथवर लोकांनी दुचाक्या लावलेल्या, म्हणून बायका तिघी-तिघी डांबरावरून चाललेल्या. सात वाजून गेले आणि रस्ता असा मोकळा झाला, जणू इथून कुणी गेलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय एकच: मोजणीआधी एक अख्खा दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, त्या चौकात काढायचा आणि आधी चहावाल्याला विचारायचं. कॅमेरा लावा, सॉफ्टवेअर मोजेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजेल ना. पण एखादी बाई झेब्रा सोडून दुभाजकाच्या फटीतूनच का गेली, हे कॅमेरा सांगत नाही. आणि तारीख ठरवताना गंगेवरचा, म्हणजे गोदाघाटावरचा, बुधवारचा बाजार आणि त्र्यंबकचे श्रावणी सोमवार तरी बघत जा रे.

दुसरी चूक जास्त चिवट, कारण ती छापील तक्त्यातून येते. आपण गाड्या मोजतो, माणसं नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या तक्त्यात मोटार म्हणजे १ आणि बस म्हणजे २.२ ते ३.७. हे आकडे रस्त्यावर कोण किती जागा अडवतं याचे, आणि तेवढ्यापुरते बरोबरच आहेत. गंमत पुढे होते. पन्नास माणसं घेऊन निमाणी स्टँडकडे निघालेली सिटीलिंकची शहर बस कागदावर तीन मोटारींएवढा अडथळा ठरते. त्या तीन मोटारींत मिळून चार डोकी असली तरी खूप. पायी चालणाऱ्याला तर त्या तक्त्यात आकडाच नाही. मग निष्कर्ष ठरलेला: रस्ता रुंद करा. गाड्यांची नाही, माणसांची ने-आण बघा, हे राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं २००६ सालीच सांगून ठेवलंय; फॉर्म मात्र जुनाच. मी प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलीनं दोन रकाने वाढवतो, 'आत किती' आणि 'पायी किती'. बसमधली डोकी नजरेनं अंदाजायची: सीट भरल्या, उभे आहेत, दाराला लटकलेत. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसलेलाही मोजायचा. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

फुटपाथची रुंदी ड्रॉइंगवरून उचलू नका. नियमातले किमान १.८ मीटर म्हणजे चालायला मोकळी जागा, विजेची डीपी आणि खांब धरून नव्हे. मी टेप नेतो आणि आईला नेतो. कॉलेज रोडला दर गेटपाशी फुटपाथ खाली जातो, पुन्हा वर चढतो. तिसऱ्या गेटला आई रस्त्यावर उतरली. "खालूनच बरं बाबा." तिच्या गुडघ्यांएवढं अचूक उपकरण अजून बाजारात आलेलं नाही.

बाकीच्या किरकोळ. बसथांबा सिग्नलच्या अगदी तोंडाशी टाकू नका, चौक ओलांडून पुढे टाका. पादचाऱ्याला जमिनीखाली धाडू नका. द्वारका चौकात भुयारी मार्ग केला तरी माणसं वरून, गाड्यांमधूनच जात राहिली. भाजीवाल्यांवर सरसकट 'अतिक्रमण' असा शिक्का मारू नका, त्यांच्यासाठी २०१४चा फेरीवाला कायदा आहे. सिंहस्थाच्या गर्दीचा आकडा धरून रोजचा रस्ता आखू नका. आणि 'निओ मेट्रो आली की सुटेल' हे वाक्य अहवालात नको. २०२१च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली, तेव्हापासून ते ऐकतोय. बसथांब्याला शेड मात्र आज हवी आहे.

परवा नव्या बॅचमधल्या एकानं विचारलं, "सर, हे सगळं ड्रोननं नाही का होणार?" त्याला आयटीआय सिग्नलवर सव्वासहाची ड्युटी लावलीय.