जुना एक-इंजिनाचा ट्रॉलर घेताय? या चुका टाळा

बोट मांडव्याला किंवा दाभोळच्या खाडीत, मालक पुण्यात कोथरूडला. असा संसार असला की बोट वर्षातले तीनशे दिवस नुसती नांगरावर उभी राहते. बाजारात येणाऱ्या जुन्या ट्रॉलरचं मोठं दुखणं हेच असतं. आधीच्या मालकाने ती पळवून झिजवलेली नसते, उभी ठेवून सडवलेली असते. पुण्यातून नवा मालक होणाऱ्याचाही तोच प्रकार व्हायची शक्यता मोठी, म्हणून पाहणी करताना हेच डोक्यात ठेवा.

इथे ट्रॉलर म्हणजे जाळी ओढणारी बोट नव्हे. तिच्यासारख्याच जड बांध्याची, तीस ते पंचेचाळीस फुटांची, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली आणि सहा-सात नॉटने सावकाश जाणारी डिझेल बोट. इंजिन एकच असल्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. पण साधं डिझेल इंजिन स्वतःहून सहसा मरत नाही. त्याला घाण डिझेल मारतं, थंड पाणी न मिळणं मारतं, आणि पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेला दोर थांबवतो. शिवाय एकच पंखा असला की तो कण्याच्या मागे, बोटीच्या मध्यरेषेत लपलेला राहतो. कोकणात कण्याला पठाण म्हणतात, आणि हा पठाण खालपर्यंत आलेला असेल तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या डोल जाळ्यांच्या दोरांपासून पंखा बराच वाचतो. दोन इंजिनांच्या बोटीचे दोन्ही पंखे बाजूला उघडे असतात.

चूक : मीटरवर तास कमी म्हणून खूश होणं

पंचवीस वर्षांची बोट, मीटरवर १,५०० तास. म्हणजे वर्षाला ६० तास. एवढं कमी चाललेल्या इंजिनात लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) गंज धरतो, इंजेक्टर चिकटतात, रबरी सील कडक होतात. त्याच वयाचं पण ५,००० तास चाललेलं, ठरलेल्या वेळी ऑइल बदलल्याची वही असलेलं इंजिन जास्त भरवशाचं. नांगरून ठेवलेल्या बोटीत नुसत्या बॅटऱ्या चार्ज करायला तासन्‌तास स्लोला चालवलेलं इंजिनही टाळावं. लोड न मिळाल्याने लायनर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि इंजिन ऑइल खायला लागतं. वही मागा. वही नसेल तर मीटरचा आकडा विचारातच घेऊ नका.

चूक : विकणाऱ्याने गरम करून ठेवलेलं इंजिन बघणं

'आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करू नका' हे आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगा. पोचल्यावर आधी हाताचा तळवा ब्लॉकवर ठेवा. कोमट लागला तर त्या दिवशीची चाचणी अर्धीच झाली असं धरा, कारण थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुरतं हे कळलंच नाही. धूर बघा. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात जायला हवा. निळा राहिला तर ऑइल जळतंय. लोडवर काळा आला तर हवा कमी पडतेय किंवा पंखा जड आहे.

मग बोट खाडीबाहेर काढा आणि अर्धा तास जोरात चालवा. शेवटी काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाच्या प्लेटवर २,५०० आरपीएम लिहिलंय आणि ते २,२०० वरच अडकलं, तर कारण चारपैकी एक असतं: तळाला शिंपले, चोंदलेला डिझेल किंवा एअर फिल्टर, थकलेला टर्बो, नाहीतर चुकीच्या पिचचा (पात्यांच्या तिरकेपणाचा) पंखा. तळ, फिल्टर आणि टर्बो ठीक असूनही तसंच होत असेल तर पंखा जड आहे आणि ते इंजिन वर्षानुवर्षं ओझ्याखाली दमलेलं आहे. विकणारा 'इतकं पळवायची गरजच नाही' म्हणून थ्रॉटल देऊ देत नसेल तर परत या.

ऑइलचा नमुना तपासून घ्यायचा असेल तर आधी विचारा की ऑइल शेवटचं कधी बदललं. गेल्या आठवड्यात बदललं असेल तर नमुन्यातून काही कळणार नाही. निदान पन्नास तास चाललेलं, गरम असतानाच काढलेलं ऑइल हवं. गिअरबॉक्सचा नमुना वेगळा. अहवालात सोडियम आणि मॅग्नेशियम वाढलेलं दिसलं तर समुद्राचं पाणी आत येतंय असा संशय घ्या.

चूक : इंजिन पाहिलं, पाण्याचा मार्ग पाहिला नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक ट्रॉलरमध्ये समुद्राचं पाणी तळाच्या कॉकमधून जाळीच्या गाळणीत, तिथून रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपात, मग इंजिनातलं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि शेवटी एक्झॉस्ट एल्बोमध्ये (धुराच्या नळीच्या वळणात) धुरात मिसळून बाहेर पडतं. यातला एल्बो आतून सडतो आणि बाहेरून नवा रंग लावलेला दिसतो. रबरी होज काढून टॉर्चने आत बघा. पापुद्रे, भोकं, अरुंद झालेलं तोंड दिसलं तर एल्बो बदलायचा, आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये गेलं होतं का हा पुढचा प्रश्न. मालक तो उघडू देत नसेल तर सडलाय असं धरूनच किंमत ठरवा.

इम्पेलरचं झाकण काढा. महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून राहिलेल्या पात्या तशाच वाकड्या राहतात आणि मुळाशी भेगा पडतात. एखादी पाती तुटलेली असेल तर तिचा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडेपर्यंत शोधायचा. नवा इम्पेलर घालून मोकळे झालात तर तोच तुकडा पुढच्या फेरीत पाणी अडवतो. हीट एक्स्चेंजरमधली झिंकची पेन्सिलही (नळ्यांऐवजी स्वतः झिजणारी कांडी) काढून बघा. ती अर्ध्याहून कमी उरली की बदलायची. पूर्ण संपलेली आढळली तर झिंकऐवजी नळ्याच खाल्ल्या गेल्या असतील, तेव्हा तो नळ्यांचा बंडल काढून प्रेशर टेस्ट करून घ्या. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये हे काम होतं.

समुद्रात तापमान वाढलं तर कसं वाढलं हे आधी बघा. एकदम चढलं तर इम्पेलर गेला किंवा तळाच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बसली. फक्त जास्त आरपीएमला हळूहळू चढत असेल तर हीट एक्स्चेंजर चोंदलाय किंवा होजचा आतला थर सुटून आत लोंबतोय.

चूक : टाकी वरून बघणं

अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्प भिंतींवर थिजतं, पाणी तळाला जमतं. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशीसारखा काळा चिकट गाळ वाढतो. शांत खाडीतल्या चाचणीत तो तळाशीच बसून राहतो. पहिल्या मोठ्या लाटांत ढवळून वर येतो आणि फिल्टर चोंदवतो, आणि हे नेमकं तेव्हाच होतं जेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवरून एक लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तळाला पाण्याचा थर किंवा काळे तंतू दिसले तर टाकी उघडून साफ करावीच लागेल. टाकीला हात जाईल एवढं झाकण आहे का ते बघा. जुन्या तैवानी ट्रॉलरमध्ये लोखंडी टाक्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि डेकवरच्या भरणीच्या तोंडातून पाणी झिरपून त्या वरूनच सडतात. त्या बदलायच्या म्हणजे बऱ्याचदा इंजिन आधी बाहेर काढावं लागतं. हा खर्च बोटीच्या किमतीत धरला नाही तर नंतर पाय गाळात जातो.

बोट घेतल्यावर दोन प्रायमरी फिल्टर जोडीने लावा, मध्ये बदलायचा व्हॉल्व्ह आणि वर व्हॅक्यूम गेज. एक चोंदला की दुसऱ्यावर जायला दहा सेकंद लागतात. इंजिन वीस-तीस मिनिटांनी दम टाकत असेल आणि थोडं थांबलं की पुन्हा नीट चालत असेल, तर वीस लिटरच्या कॅनमधून थेट डिझेल देऊन बघा. कॅनवर नीट चाललं तर दोष टाकीत, सक्शन पाइपमध्ये किंवा टाकीच्या हवेच्या नळीत आहे.

फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या नळीतली हवा काढताना एक गोष्ट विसरू नका. इंजिन पुन्हा पुन्हा नुसतं स्टार्टरवर फिरवत असाल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करा. इंजिन सुरू नसल्याने धुराचा दाब नसतो, पंप मात्र पाणी ओतत राहतो. पाण्याचा सायलेन्सर भरतो आणि पाणी एल्बोमधून उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. चांगली इंजिनं अशी एका दुपारी गेली आहेत. काम झाल्यावर कॉक बंदच ठेवणार असाल तर इंजिनाची किल्ली कॉकच्या दांडीला अडकवून ठेवायची सवय लावा, म्हणजे कॉक उघडल्याशिवाय इंजिन चालवलं जाणार नाही.

चूक : 'पार्ट काय, पुण्यात मिळतील'

हे अर्धंच खरं आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि कमिन्स इंडिया या कंपन्या पुण्यातल्या. ट्रकच्या किंवा जनरेटरच्या ब्लॉकवर बेतलेलं इंजिन असेल तर पिस्टन, रिंगा, गॅस्केट, फिल्टर मिळतात, पंप-इंजेक्टर कॅलिब्रेशनही इथेच होतं. पण तेच इंजिन समुद्रासाठी बनताना त्याला जे जोडलं जातं, म्हणजे पाण्याने थंड होणारा मॅनिफोल्ड, हीट एक्स्चेंजर, एल्बो, समुद्राच्या पाण्याचा पंप, ते नाना पेठेत मिळत नाही. सौदा करण्याआधी या चार वस्तूंचे पार्ट नंबर लिहून घ्या आणि त्या मिळतात का ते फोन करून विचारा. परदेशी जुनी इंजिनं मजबूत असतात, पण त्यांच्या खोडी माहीत हव्यात. लेहमन १२० च्या इंजेक्शन पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असतं, ते दर ५० तासांनी बदलावं लागतं. इंजिनाचं ऑइल बदललं म्हणून त्याचं झालं असं समजलात तर पंप जातो.

पाण्याबाहेर काढल्यावर

बोट वर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. पंख्याचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. बेअरिंगमध्ये ढिलाई स्पष्ट जाणवली तर बदलायचं. स्टेनलेस शाफ्ट ग्लँड दोरीच्या (पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती भरलेल्या दोरीच्या) आत, साचलेल्या पाण्यात आणि हवेविना खड्डे पडून खातो, आणि हा रोगही उभ्या बोटीचाच. शंका असेल तर शाफ्ट मागे ओढून बघावा. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट मात्र जमिनीवर तपासू नका. बोट पाण्यात जाऊन एक-दोन दिवस झाल्यावर तिचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या चार इंचांच्या चकतीला (फ्लँजला) ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज बदलून भद्द झाला तिथे आतलं प्लायवुड भिजलंय. आधी दुरुस्ती झाली असेल तर कुठलं प्लाय घातलं ते विचारा. आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक, आयएस ३०३ सर्वसाधारण वापराच्या प्लायचं. तळावरचे बारीक फोड बघून घाबरू नका, ते सहसा भावात घासाघीस करण्याचं कारण असतं, सौदा मोडण्याचं नाही.

अंतराचा हिशेब

पाणरेषेची (पाण्याला टेकलेल्या भागाची) लांबी ३४ फूट असेल तर तिचं वर्गमूळ ५.८, गुणिले १.३४, म्हणजे कमाल वेग जेमतेम पावणेआठ नॉट. साडेसहा नॉटला तासाला सात-आठ लिटर जाणारी बोट पावणेआठला ढकलली तर दुप्पटीहून जास्त पिते. टाकीतला एक तृतीयांश राखीव धरून अंतर मोजा. एक हजार लिटरच्या टाकीत साडेपाचशे सागरी मैलांच्या आत राहा.

कागद

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. त्याच पावसाळी काळात आपल्यासारखी बोटही शाकारून ठेवलेली असते. ती स्वस्त मिळते, पण समुद्रात चाचणी होत नाही. चाचणीच्या अटीवर इसार द्या, बाकी रक्कम ऑक्टोबरात.

बोट कुठल्या वर्गात नोंदलेली आहे ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन स्वतः बघा. मासेमारीच्या नोंदणीची बोट स्वस्तात घेऊन 'नंतर बदलून घेऊ' या भरवशावर राहू नका. परदेशातून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि ड्यूटी भरल्याची पावती मूळ स्वरूपात मागा. बँकेचा बोजा आहे का, तेही लेखी घ्या. आणि सामानाच्या यादीत 'सॅटेलाइट फोन, इरिडियम' किंवा 'थुराया' दिसलं तर ते ताब्यात घेऊ नका. भारतात परवानगीशिवाय ते वापरणं गुन्हा आहे आणि बोटीची झडती झाली की उत्तर नव्या मालकाला द्यावं लागतं. त्याऐवजी चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ मागा, संकटाच्या हाकेसाठी असलेल्या चॅनल १६ वर बोलून बघा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सुकाणूशेजारी चिकटवून ठेवा.