भंडारदऱ्याला जायचं तर दसरा-दिवाळीच्या मधे

पावसाळ्यात शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला गाड्यांच्या रांगा आणि खोल्यांचे चढे भाव. निवांतपणा हवा असेल तर दसरा झाल्यावर, दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधी, सोमवार ते गुरुवार गाठा. धरण बहुधा भरलेलं, डोंगर अजून हिरवे, गर्दी ओसरलेली.

१. खोली ॲपवर ठरवण्याआधी थेट फोन करा. ‘आठवड्यातल्या दिवसांचा भाव काय, जेवण धरून किती?’ एवढं विचारलं तरी बऱ्याचदा आकडा खाली येतो. खिडकी जलाशयाकडे आहे का, तेही विचारा; फोटो नेहमी त्याच खोलीचा असतो असं नाही.

२. रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटीमार्गे शेंडी, म्हणजे धरणाजवळचं गाव. रोख रक्कम, आणि स्वतःची गाडी असेल तर पेट्रोलही, घोटीतच घ्या.

३. पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा, दुपारी झोपा. खरंच झोपा.

रंधा धबधब्याला पाणी असेलच असं नाही, तेवढ्यासाठी जाऊ नका. आणि जलाशय कितीही शांत दिसला तरी पोहायला उतरू नका, काठाजवळच एकदम खोल होतो.